डाव्या हाताची पत्रं

शनिवारी डबा खाऊन झाला की तो टेबल फडक्यानं पुसून घ्यायचा आणि दोन पत्रं लिहायला बसायचा. पहिलं उजव्या हातानं, भराभर. दुसरं डाव्या हातानं, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत. दोन्ही एकाच पाकिटात जायची.

ही मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गमधली गोष्ट. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीची पीएचडी करत होते आणि शनिवारी एका प्लॅस्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात शिफ्टला जात होते. दह्याचे, मार्जरिनचे डबे तिथं तयार व्हायचे. तो मशीन चालवायचा, मी पलीकडे बसून वाकडी झाकणं वेचायचे. तो व्हिएतनामचा, चाळिशीच्या आसपासचा, बोलायला बेताचा. मी त्याला ‘आन’ म्हणायचे. त्यांच्यात दादाला तसं म्हणतात, आणि ते त्यानंच शिकवलं होतं.

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. महिनाभर कशीबशी गप्प बसले, मग विचारलंच. आन म्हणाला, “हे माझं पत्र. हे माझ्या भावाचं.”

“मग भाऊ का लिहीत नाही?”

“त्याला जमत नाही,” असं म्हणून त्यानं पेनाला टोपण लावलं. भावाच्या हाताला काही लागलं असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली.

त्या वर्षी माझे प्रयोग एकामागोमाग एक फसत होते. डिसेंबरमध्ये युनिला सुट्टी लागली, गाइड समुद्रावर निघून गेला आणि मी ठरवलं की पाठीवर सॅक टाकून व्हिएतनाम बघायचं. हनोईला उतरायचं आणि बसनं, रेल्वेनं खाली दक्षिणेपर्यंत जायचं. वसईला आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, “तिथं लढाई झालेली ना गं?”

“संपून वीस वर्षं झाली, आई.”

“आणि तुझं लग्नाचं वय संपत चाललंय, त्याचं काय? पाठीवर गोणी घेऊन फिरायचं म्हणे! सोबत कोण आहे?”

“देव आहे,” मी म्हटलं. आमच्याकडे या उत्तरावर आयांना पुढे बोलता येत नाही.

कारखान्यात मी हा बेत सगळ्यांना ऐकवला. आन ऐकून मशीनकडे वळला. पुढच्या शनिवारी मात्र त्यानं मला जेवणाच्या सुट्टीत बाहेर बोलावलं. कार पार्कच्या कडेला एक मोडका बाक होता, त्यावर बसलो. माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडे बोट करून तो म्हणाला, “तू चर्चला जातेस. तू खोटं बोलू शकशील का?”

मग त्यानं सांगितलं. लढाई संपल्यावर काही वर्षांनी तो आणि त्याचा धाकटा भाऊ एका होडीतून पळाले. निघताना आईनं धाकट्याचा हात त्याच्या हातात दिला होता. भाऊ एकोणीस वर्षांचा, डावखुरा. होडीतलं पाणी संपलं. भाऊ समुद्रातच गेला. मलेशियाच्या छावणीत पोचल्यावर आननं आईला पहिलं पत्र लिहिलं: आम्ही दोघं सुखरूप पोचलो. “तेव्हा मला तेवढंच लिहिता आलं,” तो म्हणाला. दुसऱ्या पत्रात खरं लिहायचं होतं, पण तोवर आईनं दोघांच्या नावानं चर्चमध्ये मिस्सा सांगून देवाचे आभार मानले होते. तेव्हापासून तो दोन हातांनी दोन पत्रं लिहीत होता. धाकटा टूवूंबाला शेतावर कामाला आहे, असं त्यानं आईला कळवलं होतं. टूवूंबाच का, तर नकाशात ते पुरेसं लांब होतं आणि तिथं आन स्वतः कधीच जाणार नव्हता. आता देशाची दारं उघडली होती, ओळखीतले लोक घरी जाऊन येत होते. पण आन जाऊ शकत नव्हता. एकटा कसा जाणार?

“आईला दिसत नाही फारसं. थकलीय. माझ्याकडून कुणीतरी तिला बघून यावं, एवढंच. धाकट्याचं विचारलं तर म्हण, मी त्याला भेटले नाही, तो लांब राहतो. आणि आम्ही कधी येणार असं विचारेल. त्याला काहीही उत्तर देऊ नकोस.”

“नाही देणार.”

“काहीही म्हणजे काहीही.”

“अरे बाबा, नाही देणार!” मी जरा चिडूनच म्हटलं. मी काय लहान होते?

हनोईपासून खाली यायला तीन आठवडे लागले. बसमध्ये माझे गुडघे पुढच्या सीटला लागायचे आणि मांडीवर कुणाची तरी कोंबडी असायची. भाताच्या खाचरांमध्ये मधेच गोल तळी दिसत. इतकी गोल तळी निसर्ग कशाला करील, असं मनात येईपर्यंत शेजारचा माणूस आकाशाकडे बोट दाखवून हातानं स्फोट करून दाखवायचा. त्या खड्ड्यांत लोकांनी मासे पाळले होते, बदकं सोडली होती. गावागावाबाहेर एकसारख्या पांढऱ्या दगडांची स्मशानं होती, रांगेत, शाळेतल्या पोरांना उंचीनुसार उभं करावं तशी. मी सुरुवातीला नाव काय कोरलंय ते बघायला उतरायचे, नंतर उतरायचं बंद केलं. ह्युएच्या गेस्टहाउसमध्ये पर्थची दोन पोरं भेटली. त्यांनी गंजलेल्या रणगाड्यावर चढून काढलेले फोटो मला दाखवले. एक म्हणाला, “मेट, तू पण चढून बघ, ऑसम वाटतं.” मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांना त्याचा पत्ताही लागला नसेल.

वाटेत मी भाषा शिकत होते. भाषेच्या बाबतीत मी स्वतःला फार शहाणी समजते. घरी आमची वसईची बोली, शाळेत शुद्ध मराठी, बाहेर हिंदी, कॉन्व्हेंटची इंग्लिश. त्यात आणखी एक घालायला काय लागतं? वहीत शब्द लिहून ठेवायचे आणि बसमधल्या बायकांवर प्रयोग करायचे. एक शब्द मला सुरुवातीलाच आवडला होता, ‘वे’. घरी परतणं. जाणाराही म्हणतो ‘वे’ आणि वाट बघणाराही म्हणतो ‘वे’. दक्षिणेला मेकाँगच्या खाड्यांच्या मुलखात आले तर तिथल्या लोकांच्या तोंडी त्या ‘वे’चा चक्क ‘ये’ झालेला! धक्क्यावर एक बाई पलीकडच्या काठावरच्या पोराला हाका मारत होती, “ये! ये!” माझ्या अंगावर काटा आला. सगळं वसईसारखंच होतं. केळीच्या बागा, चिखलाचा वास, भरती-ओहोटीची बोलणी आणि लांबून येणारा चर्चच्या घंटेचा आवाज. त्यात ते ‘ये’. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मला घरची इतकी आठवण आली की मी होडीत बसून रडून घेतलं.

आनचं घर खाडीच्या काठाला होतं. घरात त्याची आई आणि लग्न न झालेली बहीण. बहीण शाळेत रशियन शिकवायची. आता रशियन कुणाला नको होतं म्हणून ती कॅसेट लावून इंग्लिश शिकत होती. तिचं इंग्लिश आणि माझं व्हिएतनामी अशी आमची तिघींची गाडी चालली होती. आई हाडाची काडी होती. तिनं माझा चेहरा हातांनी बघितला, केस बघितले, क्रूस बोटांत धरला आणि मला जवळ घेतलं. तिला मी ‘मा’ म्हणायचं होतं. आणि तिच्याशी बोलताना स्वतःला ‘मी’ म्हणायचं नव्हतं, ‘कॉन’ म्हणायचं, म्हणजे लेकरू. मोठ्या माणसापुढे प्रत्येक जण लेकरूच. मला ही रीत फार गोड वाटली.

आननं सगळं दोन-दोन दिलं होतं. बिस्किटांचे दोन डबे, निलगिरी तेलाच्या दोन बाटल्या, दोन पत्रं. बहिणीनं पत्रं वाचून दाखवली. उजव्या हाताचं पत्र मा-नं उशाशी ठेवलं. डाव्या हाताचं तिनं नाकाशी नेलं, गालावरून फिरवलं आणि ब्लाउजच्या आत ठेवलं. मला पुढे बघवेना. मी बाहेर जाऊन उगाच हातपाय धुतले.

संध्याकाळी तिनं धाकट्याचं विचारलं. जेवतो का नीट? डाव्या हातानं लिहितो म्हणून लहानपणी मी त्याला फार मारलंय, तो अजून रागावलाय का? मी पढवल्याप्रमाणे सांगितलं की टूवूंबा लांब आहे, माझी भेट झाली नाही, पण तो मजेत आहे असं ऐकलंय. एवढ्यावर थांबायचं ना? पण तिचं तोंड इतकं उत्सुक होतं की माझी जीभ सैल सुटली. मी म्हटलं, तिथं बस मिळत नाही, म्हणून त्यानं आता गाडी घेतलीय. बहिणीनं ते सांगितल्यावर मा खुदकन हसली. ज्याला सायकलची भीती वाटायची तो गाडी चालवतो! ती गाडी मी रचलेली होती. आननं मला तिच्याविषयी काही सांगितलं नव्हतं.

मी दोन दिवस राहिले. मारियेच्या तसबिरीपुढे मा रोज दोन मेणबत्त्या लावायची आणि दोघा मुलांना उदंड आयुष्य मागायची. एका मुलासाठी खरं म्हणजे मृतांची प्रार्थना म्हणायला हवी होती. मेलेल्या माणसासाठी त्याची आईच जर जिवंतांची प्रार्थना करत असेल तर ती कुठं जाते, हे मला तेव्हा कळेना आणि आजही कळत नाही. तिच्या शेजारी बसून मी मराठीतून रोझरी म्हटली. मणी आमचे बरोबरच सरकत होते.

निघायचा दिवस आला. त्यांचं नवं वर्ष तोंडावर होतं. त्या सणाला जगात कुठंही असलेला माणूस घरी येतो म्हणे. घराघरांत झाडलोट, रंगरंगोटी चालली होती. माझी होडी दोन वाजता होती. ती थांबवून ठेवायला बहीण माझी सॅक घेऊन पुढे गेली. दारात मी आणि मा, दोघीच.

आता हे सांगायलाच हवं की आमच्या घरात ‘जाते’ म्हणत नाहीत. कुठल्याच मराठी घरात म्हणत नसतील, पण माझी आई त्या बाबतीत भलतीच कडक. ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता आणि घाईत मी बोलून गेले, “चल आई, जाते.” तिनं माझी पर्स धरून मला ओट्यावरून परत आत ओढलं, खुर्चीत बसवलं, घोटभर पाणी पाजलं आणि म्हणाली, “आता नीट म्हण.” मी “येते” म्हटल्यावरच सोडलं. माणूस मेल्यावर जातो. जिवंत माणूस ‘येतो’ म्हणून निघतो. दुधवाल्यापासून पाहुण्यापर्यंत सगळे ‘येतो’ म्हणतात आणि त्यातला निम्मा गाव परत येत नाही, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही.

तर माझ्या तोंडून ‘जाते’ निघणं शक्यच नव्हतं. शिवाय ‘ये’ हा माझा लाडका शब्द, आपलाच वाटणारा. पुढचं-मागचं व्याकरण जुळवून मी मोठ्या ऐटीत म्हटलं, “मा, कॉन से ये.”

‘मा, येते हं मी’ असं मला म्हणायचं होतं. मी जे म्हटलं त्याचा अर्थ होता, ‘मा, लेकरू घरी येईल.’

तिनं माझं मनगट पकडलं. इतक्या जोरानं की मी दचकले. तिचे ते दुधाळ डोळे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. मग तिनं दोन बोटं वर केली आणि विचारलं, “हाय?”

हाय म्हणजे दोन. आकडे मला पक्के येत होते. मला वाटलं, होडी दोनची का, असं विचारतेय. मी मान डोलावली, मीही दोन बोटं दाखवली, तिची बोटं धरून हलवली. “हाय, हाय!” आणि वर खाडीच्या धक्क्याकडे तिचा हात वळवून दाखवला, की तिथूनच.

ती रडायला लागली. हसत होती आणि रडत होती. मला वाटलं, आपल्या व्हिएतनामीनं म्हातारीला गहिवरून आलं. होडीत बसल्यावर सायगावच्या बसपर्यंत मी स्वतःवर खूश होते.

मेलबर्नला परतल्यावर आनला सगळं सांगितलं. गाडीचं सांगितलं तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली, पण तो म्हणाला, “नो वरीज.” आई हसली हे त्यानं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मार्चमध्ये बहिणीचं पत्र आलं. त्या शनिवारी त्यानं दोन्हीपैकी एकही पत्र लिहिलं नाही. बहिणीचं पत्र त्यानं मला शब्द न् शब्द इंग्लिशमध्ये वाचून दाखवलं. तुम्ही दोघं येणार असा निरोप पाहुणीबरोबर पाठवलात, मग आला का नाहीत? आईनं पडवीत दोन नव्या झोळ्या टांगल्यात, एक तुझी, एक धाकट्याची. सणाचे तिन्ही दिवस ती धक्क्यावर बसून होती. आता सण संपला तरी रोज दोनच्या होडीला जाते. मी ओढून आणते तर म्हणते, पाहुणीनं मला धक्का दाखवलाय.

आधी मला काहीच कळेना. मी ओरडलेच, “मी असलं काही बोलले नाही!” त्यानं शांतपणे विचारलं, “निघताना काय म्हणालीस? जसंच्या तसं सांग.” मी सांगितलं. माझ्याच कानांना ते ऐकू आलं आणि ती दोन बोटं आठवली.

मग मी त्याला आमच्या ‘येते’चं समजावत बसले. आईनं पर्स ओढली ते सांगितलं. पाणी पाजलं ते सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे तुम्ही सगळे रोज दारात उभं राहून खोटं बोलता.”

“खोटं नाही ते!” मला रडू फुटलं. “शुभ असतं.”

तो उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. पाच शनिवार तो तिथंच जेवला. मी शिफ्ट सोडायचा विचार केला आणि सोडली नाही. त्याच्यासमोर बसून लाज सोसणं एवढंच माझ्या हातात होतं. सहाव्या शनिवारी माझ्या शेजारी येऊन तो म्हणाला, “रजा घेतलीय. ईस्टरनंतर जातोय.” तो ‘जातोय’ म्हणाला आणि मी त्याला दुरुस्त केलं नाही.

तो परत आला तेव्हा थंडी पडायला लागली होती. बाहेरच्या त्याच बाकावर बसून त्यानं सांगितलं. होडी धक्क्याला लागली तेव्हा मा तिथं होती. तो उतरून तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. तिनं एका हातानं त्याचा चेहरा चाचपला, ओळखलं, नावानं हाक मारली. आणि दुसरा हात त्याच्या बाजूच्या हवेत फिरत राहिला. खाली, वर, परत खाली. होडी रिकामी झाली, होडीवाल्यानं ती वळवलीसुद्धा, तरी तो हात फिरतच होता.

घरी नेऊन त्यानं तिला खरं सांगितलं. जे मलाही तोवर सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. नवव्या दिवशी तहानेनं धाकट्याला भ्रम झाला. भर दुपारी तो होडीत उठून उभा राहिला, समोर नुसतं पाणी होतं, त्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “एम ये.” एम म्हणजे धाकटा. दादा, मी घरी जातो हं. आणि धक्क्यावर पाय ठेवावा तसा त्यानं बाहेर पाय टाकला. आनच्या हातात त्याच्या शर्टाची बाही आली होती, तीही सुटली.

मग मा-नं विचारलं, “ ‘ये’ म्हणाला? नक्की तसंच म्हणाला?”

“हो, मा.”

“मग तो केव्हाच आलाय.”

दुसऱ्या दिवशी तिनं धाकट्यासाठी मृतांचा मिस्सा सांगितला, एवढ्या वर्षांनी पहिला. पण बहीण पडवीतली दुसरी झोळी सोडायला गेली तेव्हा तिनं सोडू दिली नाही.

त्यानंतर आन एकच पत्र लिहायचा. डावा हात टेबलावर नुसता पडलेला असायचा. मी वसईला फोन केला की आई शेवटी म्हणायची, “म्हण की गं,” आणि मी ‘येते’ म्हणून घाईनं फोन ठेवायचे.

हिवाळ्यात बहिणीचं आणखी एक पत्र आलं. आननं ते वाचून दाखवलं. आई आता धक्क्यावर जात नाही. दिवसभर स्वतःच्या झोळीत पडून असते आणि शेजारची धाकट्याची रिकामी झोळी पायानं हलवत राहते.

त्यानं पत्राची घडी घातली. “तू सांगितलं होतंस ना तिला,” तो म्हणाला, “दोघं येतील म्हणून.”

रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो माझे आभार मानत होता.